मांजरीच्या पिल्लाचे जंत जातच नाहीत, मदत हवी आहे

पिल्लू ९ आठवड्यांचं आहे, वजन ७०० ग्रॅम. आईपासून वेगळं झालंय, घरात दुसरं मांजर नाही. डॉक्टरांनी वजनावर मोजून पायरँटेलचे (जंतांचं औषध) दोन डोस दिले, मध्ये १४ दिवस. पहिल्या डोसनंतर शीमध्ये दोऱ्यासारखे पांढरे लांब जंत पडले, ते आता दिसत नाहीत. पण दुसऱ्या डोसला ६ दिवस झाले आणि काल शेपटीखाली तांदळाच्या कणीएवढं काहीतरी वळवळताना दिसलं. अंथरुणावर तसेच वाळलेले दाणेही सापडले. पोट अजून टम्म. खातं भरपूर, खेळतं, उलटी नाही; शी जरा सैल, रक्त नाही.

पिसवा होत्या. एवढ्या लहान जिवाला औषध मारायची भीती वाटते, म्हणून रोज बारीक फणीने काढते आणि अंथरूण गरम पाण्यात धुते. कुत्र्यांचं पिसवांचं औषध सुचवू नका, त्यातलं पर्मेथ्रिन मांजरांना विषारी असतं.

पायरँटेल चपट्या कृमींवर चालत नाही हे माहीत आहे. डॉक्टर सोमवारी भेटतील, शीचा नमुना नेणारच आहे. हे दाणे चपट्या कृमीचेच असतील का? आणि एवढ्या लहान पिल्लाला प्राझिक्वाँटेल (चपट्या कृमींवरचं औषध) कोणी दिलंय का, आधीच्या डोसनंतर किती दिवसांनी?