पार्नेलला बाईने नाही, बरोबरच्यांनी बुडवलं

तिरकस: "पार्नेलने एका बाईपायी आयर्लंडचं होमरूल घालवलं" हे कालचं कुणाचं तरी वाक्य वाचून डोकंच फिरलं. पार्नेल म्हणजे आयर्लंडसाठी होमरूल, म्हणजे स्वराज्य मागणाऱ्या पक्षाचा नेता. ती बाई कॅथरीन, तिचा नवरा कॅप्टन ओशे वर्षानुवर्षं सगळं बघून गप्प होता. वर 1886 मध्ये पार्नेलने पक्षाच्या नाकावर टिच्चून त्याला गॉलवेची जागा दिली, तीही त्याने घेतली. 1889 मध्ये कॅथरीनची श्रीमंत मावशी वारली, मृत्युपत्रात ओशेच्या हाती काही लागेना, आणि त्याच डिसेंबरात साहेबांची अब्रू जागी झाली, घटस्फोटाचा दावा ठोकला! पक्षाची तऱ्हा तीच. नोव्हेंबर 1890 मध्ये पार्नेललाच पुन्हा नेता निवडला. होमरूलला पाठिंबा देणाऱ्या ब्रिटिश नेत्याचं, ग्लॅडस्टनचं, पार्नेल नको म्हणणारं पत्र छापून येताच बहुतेकांची पळापळ.

गोदाकाठ: पार्नेल त्या दाव्यात बचावाला उभाच राहिला नाही, तो दोष कुणाचा? पक्षातले थोडे दिवस बाजूला हो म्हणत होते, ऐकलं नाही. शेवटच्या वर्षात त्याचे उमेदवार तीन पोटनिवडणुका हरले. याला अहंकार म्हणतात.

नांगरधारी: आणि मायकेल डेव्हिट? कुळांची संघटना लँड लीग त्याने उभी केली. लहानपणी जमीनदाराने घरातून हाकललेला, गिरणीत एक हात गमावलेला माणूस. अध्यक्ष कोण, तर जमीनदार पार्नेल!

रायगडकर: सप्टेंबर 1880 चं पार्नेलचं आयर्लंडमधल्या एनिस गावातलं भाषण सोयीस्कर विसरलात सगळे. हाकललेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याच्याशी रस्त्यात, दुकानात, चर्चमध्येसुद्धा बोलू नका, महारोग्यासारखं दूर ठेवा. आमच्या घराला गावकीने वाळीत टाकलं होतं. गिरणीवाला आईला सांगायचा "लाईट नाही", आत शेजारणीचं दळण चालू. आजी गेली तेव्हा खांद्याला मुंबईहून माणसं बोलवली.

तिरकस: वाईटच झालं. पण तिथे समोर कोण होतं? कॅप्टन बॉयकॉट, जमीनदार लॉर्ड अर्नचा कारभारी. कुळांनी त्याला वाळीत टाकलं. त्याचं पीक काढायला आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टरहून पन्नासेक मजूर आणले, राखणीला शेकडो सैनिक. कुळांकडे दुसरं हत्यार काय होतं?

रायगडकर: बॉयकॉटचं प्रकरण नंतरचं. एनिसला ज्याच्याबद्दल बोलला तो जमीन घेणारा शेतकरीच होता हो, लॉर्ड नव्हे!

गोदाकाठ: वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्रात 2017 पासून कायदा आहे. तक्रार का नाही केलीत?

रायगडकर: साक्षीला तुम्ही येणार होतात?

गोदाकाठ: माहिती दिली, अंगावर काय येता?

नांगरधारी: डेव्हिटबद्दल कुणी बोलणार आहे का?

तिरकस: नाही. रायगडकर, जमीन घेणारा शेतकरीच, हे मान्य. गावकीशी तुलना तरीही पटत नाही. तिथे बेदखलीला आळा घालायचा होता, तुमच्याकडे निव्वळ मस्ती.

रायगडकर: मस्ती करणारेसुद्धा "गावाच्या भल्यासाठी" असंच म्हणायचे. चालू द्या तुमचं ते मृत्युपत्र.