शाळेचं रग्बी बंद करा म्हणणाऱ्यांना

गोडोलीकर

काल माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर 'कृष्णाकाठ' यांनी शाळेच्या रग्बी हंगामाचा हिशोब मांडला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: तिन्ही वयोगटांत संघ उतरवले, एकही विभागाच्या पुढे गेला नाही, एका मुलाचं खांद्याजवळचं हाड मोडलं, गाडीभाडं आणि किटवर पैसा गेला. तेव्हा पुढच्या वर्षीपासून रग्बी बंद करा आणि तो पैसा कबड्डी, खो-खोला द्या, कारण "हा आपल्या मातीतला खेळ नाही". वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

चौदा वर्षांखालच्या संघातली बरीच पोरं कबड्डीच्या निवडीत गळालेली आहेत. तिकडे त्यांना कुणी विचारलं नसतं. इथे बारा जणांचा संघ लागतो, सात मैदानात आणि पाच बाहेर, आणि सात-सात मिनिटांच्या दोन डावांत एवढं पळावं लागतं की बाहेरच्यांनाही आत घ्यावंच लागतं. मातीचं म्हणाल तर तालमीत पट काढणारा पोरगा टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणं, चटकन उचलतो. खांदा समोरच्याच्या मांडीवर, डोकं मागच्या बाजूला, दोन्ही हातांची घट्ट मिठी आणि पाय चालूच. रग्बीत चेंडू हाताने पुढे द्यायचा नसतो, त्याला खरा वेळ लागतो तो मागे द्यायची सवय व्हायला. हात आपोआप पुढे फेकतो आणि शिट्टी वाजते.

आता विभागाच्या सामन्याबद्दल, कारण तुम्ही "मुली पण हरल्या" असं एका ओळीत उरकलंत. सतरा वर्षांखालच्या मुलींच्या सामन्याला धो धो पाऊस होता. लाइनआउटला, म्हणजे रेषेबाहेर गेलेला चेंडू परत आत फेकताना, चेंडू टाकणारी मुलगी प्रत्येक वेळी तो जर्सीला पुसत होती. जर्सीच चिंब झाली तेव्हा बाहेर बसलेल्या मैत्रिणीची ओढणी मागून घेतली. दोन्हीकडे दोन-दोन ट्राय झाले, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवला, प्रत्येकी पाच गुण. सेव्हन्समध्ये, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीत, ट्रायनंतरच्या जादा दोन गुणांचं कन्व्हर्जन ड्रॉप किकनेच मारायचं असतं, चेंडू जमिनीवर टाकून उसळला की लाथ. आमच्या बाजूला एवढा चिखल होता की चेंडू उसळलाच नाही. त्यांचं एक बसलं. 12-10. हा सामना ज्यांनी बघितला ते "पैसा वाया गेला" म्हणणार नाहीत.

आणि साताऱ्यात तिरंदाजीचं कुणाला काय पडलं होतं? आपली साताऱ्याची आदिती स्वामी 2023 मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी जागतिक विजेती झाली, तेव्हा सगळे हार घेऊन धावले.

कृष्णाकाठ

दादा, मुलींचा अपमान करायचा हेतू नव्हता. त्या जिद्दीने खेळल्या, हे आधीच लिहायला हवं होतं असं तुम्हाला वाटत असेल तर लिहितो: जिद्दीने खेळल्या. पण माझा मुद्दा तिथेच आहे.

माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून कबड्डीची मॅट घेऊन दिली. ती आज हॉलच्या कोपऱ्यात गुंडाळून पडली आहे, कारण छत गळतं आणि दुरुस्तीला पैसे नाहीत. खो-खोच्या मैदानावर खांबाभोवती खड्डे पडलेत. 2025 च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताने पुरुष आणि महिला दोन्ही जिंकले, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. आपल्या पोरांना तिथे पोचायची वाट दिसते. रग्बीत कुठली वाट दिसते? कुस्तीत ऑलिंपिक पदक आणणाऱ्या खाशाबा जाधवांच्या जिल्ह्यात आपण असलेलं सोडून नसलेल्याच्या मागे का लागायचं?

गोडोलीकर

खाशाबांचं नाव घेतलंत तर तेही पूर्ण घ्या. 1952 ला हेलसिंकी ऑलिंपिकला जायला सरकारकडून पुरेसे पैसे मिळाले नाहीत. त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार उभे केले, गावोगावी वर्गणी निघाली. कुस्ती आपल्या मातीतली होती, तरी ही अवस्था. तेव्हा पैसे नाहीत म्हणून एक खेळ मारून दुसरा जगवायचा हा हिशोब मला पटत नाही. छत गळतंय तर छतासाठी भांडू, मी तुमच्याबरोबर येतो. वाट म्हणाल तर 2025 च्या जूनमध्ये मुंबईत अंधेरीला रग्बी प्रीमियर लीग झाली, सहा संघांची. परदेशी खेळाडूंच्या बरोबरीने आपली पोरं खेळली. सेव्हन्स 2016 पासून ऑलिंपिकमध्ये आहे.

पोवईनाका

तुम्ही दोघं पैसा आणि माती यावर बोलताय. मी आई म्हणून लिहिते.

माझा मुलगा दुसऱ्या शाळेकडून खेळायचा. नववीत होता. टॅकल करताना समोरच्याचा गुडघा त्याच्या कानाच्या वर लागला. मी तारेच्या कुंपणाबाहेर उभी होते. सरांनी जवळ जाऊन "बरा आहेस ना?" विचारलं, त्याने मान हलवली आणि पुन्हा आत पाठवलं. संध्याकाळी रिक्षात त्याने मला चार वेळा विचारलं, "आई, आपण जिंकलो का?" घरी येऊन उलटी. रात्र दवाखान्यात काढली. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूला मार बसलेला असताना दुसरा धक्का बसला असता तर गंभीर झालं असतं.

शाळेच्या खेळाला नियम एकच आहे: डोक्याला मार बसल्याची नुसती शंका आली तरी त्या दिवशी परत मैदानात नाही, मुलगा काहीही म्हणो. खांद्याच्या वर टॅकल केलं तर पेनल्टी, नाहीतर कार्ड. कागदावर सगळं आहे. आपल्या शाळेच्या सामन्याला डॉक्टर कोण होता, गोडोलीकर? नाव सांगा.

गोडोलीकर

डॉक्टर नव्हता. प्रथमोपचाराची पेटी होती आणि एक पालक नर्स होत्या. ताई, तुमचा नियम मला शंभर टक्के मान्य आहे. पण त्यासाठी खेळ बंद करायचा नाही, पेटी आणि माणूस हवा.

माणदेशी

खरं कारण कुणीच बोलत नाही म्हणून मी बोलतो. दहावी-बारावीला खेळाडूंना मिळणारे वाढीव गुण!

कबड्डीला जिल्ह्यात संघांची रीघ लागते. या असल्या खेळांना मोजके संघ. दोन सामने जिंकले की विभाग, पुढे राज्य. प्रमाणपत्र हातात, गुण खात्यात, पुढे नोकरीत 5 टक्के आरक्षण आहेच. ट्रॅम्पोलिनच्या बोगस प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लागल्याचं प्रकरण महाराष्ट्र विसरला का? माझा पुतण्या दहिवडीच्या रस्त्यावर पहाटे अनवाणी पळायचा. आमच्या माणची ललिता बाबर रिओ ऑलिंपिकमध्ये फायनलला पळाली तेव्हा आमच्या सगळ्या तालुक्यातली पोरं तशीच पळत होती. त्याला राज्याला जाता आलं नाही, कारण धावण्यात स्पर्धाच तेवढी. भरतीत त्याच्या पुढे कोण लागला? ज्याने कुठलासा खेळ दोन महिने खेळला होता तो. तो आज वर्दीत आहे आणि पुतण्या टेम्पो चालवतो. हा राग कुणी समजून घेणार आहे का?

निवृत्त पीटी

माणदेशी, राग समजतो, पण बोट चुकीच्या माणसाकडे आहे. मी पस्तीस वर्षांपूर्वी पीटी शिकवायला लागलो. गुणांचा प्रस्ताव म्हणजे काय ते माहीत आहे का? मुलाचा अर्ज, स्पर्धेचा निकाल, जिल्हा क्रीडा कार्यालयाची पडताळणी, मग बोर्ड. एक कागद चुकला की खरा खेळलेला मुलगा गुणांना मुकतो आणि पालक मला फोनवर शिव्या घालतात. शाळेत क्रीडाशिक्षक एक. त्यालाच निवडणुकीचं काम, त्यालाच परीक्षेचं पर्यवेक्षण, मधल्या तासाला कुणी रजेवर असेल तर त्याच्या वर्गावरही तोच. तो तीन वयोगटांना टॅकल कधी शिकवणार? पोवईनाका ताईंच्या मुलाला आत पाठवणारा शिक्षक कदाचित पंधरा दिवसांपूर्वी पहिल्यांदा रग्बीचा चेंडू हातात घेतलेला माणूस असेल.

माणदेशी

म्हणजे कबूल केलंत की शिकवणाऱ्यालाच येत नाही. मग गुण कशाचे?

गोडोलीकर

जरा जपून बोला. माझी मुलगी त्याच सतराच्या संघात आहे. साडेपाचला उठून शाहू स्टेडियमपर्यंत सायकल मारत जाते, अंगावर खरचटल्याचे डाग घेऊन वर्गात बसते. तिला मिळणारे गुण फुकटचे म्हणायचे असतील तर नाव घेऊन म्हणा, आडून नको.

माणदेशी

तुमच्या मुलीबद्दल एक शब्द काढलेला नाही. पण तिच्या शेजारी उभं राहून नुसतं नाव लावणारी दोन-तीन मुलंमुली प्रत्येक शाळेत असतात, हे तुम्हालाही माहीत आहे. नाही म्हणून दाखवा.

निवृत्त पीटी

असतात. यादीत बारावं नाव कुणाचं असावं यासाठी माझ्या घरी पेढे घेऊन आलेले पालक मी बघितलेत. परत पाठवले. सगळे पाठवत नाहीत. पण ते कबड्डीतही होतं आणि क्रिकेटमध्ये तर उघड होतं. त्यावर एकच तोडगा मला दिसतो: सरावाची हजेरी रोजची, पालकांना बघता येईल अशी लावा. ज्याची हजेरी नाही त्याचा प्रस्ताव मुख्याध्यापकांनी सही न करता परत करावा. एवढं धाडस दाखवणारा मुख्याध्यापक मात्र शोधावा लागेल.

माणदेशी

हे लेखी आणा, मग बोलू. तोवर माझं म्हणणं तेच.

पोवईनाका

गुणांवर एवढं लिहून झालं. डोक्याच्या माराचं काय ठरलं?

कृष्णाकाठ

ताई, तुमचा प्रश्न बरोबर आहे. शनिवारी शाळा समितीची बैठक आहे, मी जाणार आहे. रग्बी बंद करा हा ठराव मी मांडणार होतो, तो या वेळी मांडत नाही. मत बदललंय असं समजू नका, कबड्डीची मॅट सडतेय हे मला आजही जास्त टोचतं. पण मुलींचा संघ मोडला असं माझ्या नावावर नको. त्याऐवजी तीन गोष्टी मागतो: छत दुरुस्त करा, सामन्याला वैद्यकीय माणूस असल्याशिवाय कुठलाही संघ, कबड्डीचासुद्धा, मैदानात उतरवू नका, आणि निवृत्त सरांची हजेरीवही. गोडोलीकर, तुम्ही येताय ना? छतासाठी भांडायला येतो म्हणालात.

गोडोलीकर

येतो. अकराला फाटकापाशी. पोवईनाका ताई, तुम्हीही या, डोक्याच्या माराचं तुम्हीच बोला. मी बोललो तर रग्बीवाला म्हणून ऐकणार नाहीत.