प्रतिसाद: तोळा इंग्रजांचा की आपला?

तोळा हे माप इंग्रजांनी आणलं असं वर एकाने लिहिलंय. ते अर्धंच खरं. तोळा, मासा, गुंज ही उतरंड त्यांच्या आधीपासूनची: ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा. गुंज म्हणजे तेच लालबुंद, काळ्या ठिपक्याचं बी. सगळ्या बिया काही सारख्या वजनाच्या नसतात, त्यामुळे गावोगावचा तोळाही थोडा इकडेतिकडे व्हायचा.

इंग्रजांनी केलं ते एवढंच की १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनवर, म्हणजे ११.६६ ग्रॅमवर, पक्का केला. आणि खरी हुशारी पुढे आहे. रुपयाचं नाणंही बरोबर तेवढ्याच वजनाचं! ८० तोळ्यांचा शेर, म्हणून तागडीत ८० रुपये टाकले की शेराचं वजन तयार. वेगळं माप हवंच कशाला? (रुपये झिजलेले नसले तर, अर्थात.)

१९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली, तोळा कागदावरून गेला, तोंडातून नाही. आमच्या इंदूरच्या सराफ्यात आजही भाव 'तोळ्याचा'च विचारतात, पण तो तोळा १० ग्रॅमचा. त्यामुळे पणजीच्या जुन्या ५ तोळ्यांच्या पाटल्या मोडायला नेल्या तर वजन ५८ ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. कुणी ५० ग्रॅम धरून हिशेब मांडला, तर खुशाल उठून शेजारच्या दुकानात जा.

होळकरी काळातल्या दप्तरातला शेर मात्र सरसकट ८० तोळ्यांचा धरू नका. आधी कुठल्या गावचा, कुठल्या सालचा ते बघा.