आधी चित्र, मग पाटी

‘कलेचा अभ्यास नसेल तर चित्रांच्या प्रदर्शनात काय कळणार’ असं काही जण म्हणतात; मला ते अजिबात पटत नाही. रावेरहून आईला मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीत घेऊन गेलो होतो. एका दालनात नुसती डागाळलेली जुनी कापडं टांगलेली. मी शेजारची माहितीची पाटी वाचत उभा; ती थेट कापडाजवळ गेली, एक तपकिरी डाग न्याहाळला आणि म्हणाली, “केळीचा चीक असाच दिसतो रे. कितीही घास, जात नाही.” घड कापणाऱ्या माझ्या वडिलांचे सदरे तिने तीस वर्षं धुतलेत! तिथून ती लवकर हललीच नाही.

तेव्हापासून मी पाटी शेवटी वाचतो. चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांची टेबलटॉप छायाचित्रं अशीच पाहिली. टेबलावर छोट्या वस्तू मांडून केलेला तो देखावा आधी खराच वाटला, आणि तसा वाटला याचा फार आनंद झाला.