१९७४ च्या कॅम्पर व्हॅनची गंजलेली चासी कोणाकडे द्यावी?

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये राहतो आणि आमच्याकडे १९७४ ची फोक्सवॅगन टाइप २ कॅम्पर आहे. परवा गाडीखाली शिरून सिलच्या (दारांखालच्या लांब पत्र्याच्या पट्टीच्या) कडेला स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तर तो सहज आत गेला आणि तपकिरी पापुद्रे तोंडावर पडले. जवळचा गॅरेजवाला वरून पत्रा मारून देतो म्हणतो, पण माझे मन धजत नाही. या कामातला जाणकार कसा ओळखावा?

उत्तर १ : वरून पत्रा मुळीच मारू देऊ नका. या गाडीला ट्रकसारखी सुटी चासी नसते. तळाचे लांब रेल, आडवे आउटरिगर (रेलपासून कडेपर्यंत जाणारे आधार) आणि अनेक पदरी सिल हे सारे एकमेकांना वेल्डिंगने जोडलेले असल्यामुळे निरोगी धातू लागेपर्यंत कुजका पत्रा कापूनच काढावा लागतो, नाहीतर गंज आतल्या आत पसरत राहतो. सिल कापताना गाडीला आधार कुठे देणार, हे कारागिराला आधी विचारा. आधार चुकला तर बॉडी खचते आणि सरकता दरवाजा पुन्हा नीट बसत नाही. ज्याला याचे उत्तर देता येत नाही, त्याच्याकडे गाडी सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर २ : चाळीस वर्षांवरील गाडीला, तिच्यात मोठे फेरफार झालेले नसल्यास, एमओटी या ब्रिटनमधील वार्षिक वाहन-तपासणीतून सूट असली तरी काम झाल्यावर ती स्वेच्छेने अवश्य करून घ्या. वेल्डिंग कसे झाले ते दिसावे म्हणून रंगापूर्वीचे फोटो मागा आणि पुन्हा गंज लागू नये म्हणून पोकळ भागांत मेण फवारून घ्या.