युरोपने रशियाचा गॅस तोडला म्हणता, मग आमचा युरिया का अडला?

यावलकर: काल इथे एकाने लिहिलं, "युक्रेन युद्ध पेटल्यावर युरोपने दोन वर्षांत रशियाच्या गॅसला लाथ मारली, भारताने शिकावं." वाचून राहवलं नाही. लाथ कुठे मारली? युरोपीय संघाच्या गॅस आयातीत रशियाचा वाटा 2021 ला 45 टक्के, 2023 ला 15, आणि 2024 ला परत 19. पाइपलाइनचा गॅस आटला, पण रशियाची एलएनजीची, म्हणजे गार करून द्रव केलेल्या गॅसची, जहाजं लागतच होती. बाकीची तूट पैसा ओतून भरली. ऑगस्ट 2022 मध्ये तिथला भाव मेगावॅट-तासाला 300 युरोच्या वर गेला होता. मग जहाज आशियाकडे कशाला वळेल? आपल्या सरकारी गॅस कंपनीचा, गेलचा, 20 वर्षांचा करार असूनही रशियन कंपनीच्या पूर्वीच्या जर्मन शाखेकडून जहाजं येईनाशी झाली. खत कारखान्यांचा गॅस कापावा लागला.

धुळेकर: नुसता पैसाच दिसतो तुम्हाला. त्यांनी गॅसचा वापर 18 टक्क्यांनी घटवला. जर्मनीतलं विल्हेल्म्सहाफेनचं एलएनजी उतरवायचं टर्मिनल 2022 च्या डिसेंबरात सुरू केलं, वर्षही लागलं नाही. आपल्या कोकणातल्या दाभोळच्या एलएनजी टर्मिनलला लाटा अडवणारी भिंत नव्हती म्हणून कित्येक वर्षं पावसाळ्यात जहाज लागत नव्हतं. यावर बोला.

रावेरची केळी: तुम्ही दोघं युरो मोजत बसा. 2022 च्या पावसाळ्यात माझ्या मृगात लावलेल्या केळीला युरिया हवा होता. चौथ्या खेपेला गोणी मिळाली. वर 266 रुपये 50 पैसे छापलेले, आणि सोबत दोन बाटल्या नि झिंकची पिशवी गळ्यात मारली. नको म्हटलं तर पोऱ्याने गोणी उचलून परत आत नेली. ती पिशवी आजही शेडमध्ये दगड होऊन पडलीय.

धुळेकर: हे लिंकिंग झालं, म्हणजे हव्या मालासोबत नको तो माल गळ्यात मारणं. गोणीचा भाव सरकारने बांधलेला आहे. दुकानदाराचं पाप युरोपच्या माथी कशाला?

यावलकर: आपल्याकडे युरिया गॅसपासूनच बनतो ना! माल कमी आला की लिंकिंगवाल्याचं फावतं.

चोपडेकर ताई: भाऊ, आमच्याकडे 2019 लाही लिंकिंग होतं. तेव्हा कुठलं युद्ध होतं?

यावलकर: बरं ताई, तेवढं मान्य. लिंकिंग युरोपने आणलं नाही. पण 2022 ची गॅसटंचाई मी सोडणार नाही. आणि दाभोळचं धुळेकरांचं खरं आहे, नाइलाजाने म्हणतो.

धुळेकर: रावेरवाले, तक्रार का नाही केली?

रावेरची केळी: केली की! साहेबांनी पावती मागितली. पावतीवर युरिया, 266.50, एवढंच. बाटल्या नि झिंक त्यावर नाहीतच.