बडोद्याहून मुंबई क्रूझला: आदल्या रात्रीचं स्वस्त हॉटेल आणि बंदरापर्यंतची सोय

सुरसागर_काठ

नमस्कार मंडळी. जानेवारीत मुंबई–गोवा–मुंबई क्रूझचं बुकिंग झालंय. जहाज शुक्रवारी संध्याकाळी सुटतं. आम्ही चौघं: मी, नवरा, दहा वर्षांचा मुलगा आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात, जिना झेपत नाही. दोन मोठ्या बॅगा, दोन लहान.

बंदरापर्यंत शटल देणारं हॉटेल शोधतेय, रात्रीचे साडेतीन हजारांपर्यंत. साइटवर ‘पिकअप-ड्रॉप’ लिहिलेली बरीच हॉटेलं दिसतात, पण ती सगळी अंधेरीच्या बाजूची. ती घ्यावीत का? की शुक्रवारी सकाळच्या वंदे भारतने थेट जाऊन हॉटेलचा खर्चच वाचवावा?

---

न्यायमंदिर_चौक

ताई, मुंबईत बंदरासाठी शटल शोधू नका. अमेरिकेत बंदराजवळची हॉटेलं व्हॅन ठेवतात, कारण तिथे रोज हजारो प्रवासी चढतात-उतरतात. मुंबईत तसं नाही. साइटवरचा ‘पिकअप-ड्रॉप’ हा विमानतळासाठी असतो, आणि बंदर म्हटलंत की बहुतेक वेळा हॉटेलवाले खासगी गाडी बोलावून तिचे पैसे बिलात लावतात. तुम्हाला हवंय ते बंदराजवळचं हॉटेल. तिथून मीटरची टॅक्सी हेच शटल.

जहाज लागतं ते बॅलार्ड पिअरला, इंदिरा डॉकच्या बाजूला. सीएसएमटी स्टेशनपासून हे अंतर दीड-दोन किलोमीटर, मुंबई सेंट्रलपासून साधारण सहा. अंधेरी पंचवीसच्या पुढे.

आता हिशोब मांडून पाहा. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं भाडं फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये, पुढे किलोमीटरला २०.६६. समजा अंधेरीत २,२०० ची खोली मिळाली आणि बंदराजवळच्या फोर्ट भागात ३,२०० ची. ५ टक्के जीएसटी धरून फरक १,०५० रुपयांचा. अंधेरीला राहिलात तर मुंबई सेंट्रल ते हॉटेल वीसेक किलोमीटर, म्हणजे सव्वाचारशेच्या आत-बाहेर. दुसऱ्या दिवशी हॉटेल ते बंदर सव्वापाचशे-साडेपाचशे. फोर्टात राहिलात तर हेच दोन प्रवास मिळून दीडशे-पावणेदोनशे. म्हणजे एका टॅक्सीत मावलात तर अंधेरीत अडीचशे रुपये वाचतात आणि मुंबईच्या गर्दीत दोन तास जातात. दोन टॅक्सी लागल्या तर उलट पाचशे रुपये जास्त जातात. आणि तुम्हाला दोन लागण्याची शक्यता दाट आहे, कारण काळ्या-पिवळ्या बहुतेक गाड्या सीएनजीच्या. डिकीत सिलेंडर असतो, मोठी बॅग तिथे बसत नाही, ती टपावरच्या कॅरियरवर जाते. चौघं आणि चार बॅगा असतील तर ओला-उबरवर सहा सीटची गाडी मागवा किंवा सरळ दोन टॅक्सी करा. छोट्या अंतराला दोन टॅक्सी शंभराच्या आतच पडतात.

रिक्षाचा विचार करू नका. बांद्रा आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाहीत.

हॉटेल कुठे बघायचं ते सांगतो. पहिली पसंती फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेट, म्हणजे सीएसएमटी आणि बंदराच्या मधला पट्टा. पी. डिमेलो रोड आणि मिंट रोडच्या आसपासही मध्यम दराची हॉटेलं आहेत. मॅडम कामा रोडवरचं वायडब्ल्यूसीएचं गेस्ट हाउस कुटुंबासाठी चांगलं, पण तिथे खोल्या लवकर भरतात, आधी फोन करा. कुलाबा छान आहे, मात्र गेटवेच्या नावावर तेवढ्याच खोलीचे जास्त पैसे जातात. मस्जिद बंदरला दर कमी दिसतील. तिथे दिवसभर हातगाड्या आणि टेम्पोंची कोंडी असते, सासूबाईंना घेऊन जाऊ नका. फोर्टात काही जमलं नाही तर मुंबई सेंट्रल-ग्रँट रोडचा भाग बघा: गाडीतून उतरून लगेच खोली, आणि सकाळी सहा किलोमीटर टॅक्सी.

फोर्टातल्या इमारती जुन्या आहेत, म्हणून बुकिंगआधी फोन करून या गोष्टी नक्की विचारा. लिफ्ट आहे का, आणि ती रस्त्याच्या पातळीवरून सुरू होते की आठ-दहा पायऱ्या चढून? ‘लिफ्ट आहे’ असं उत्तर मिळतं आणि लिफ्ट पोटमाळ्यापासून सुरू होते, हे फार होतं. खोलीला खिडकी आहे का? स्वस्त खोल्यांत बऱ्याचदा नसते. चौथ्या माणसाची जादा गादी किती रुपयांना? मुलगा दहा वर्षांचा आहे, त्याला फुकट धरतील असं गृहीत धरू नका. कमोड आहे ना? आणि शेवटचं, चेक-आउट किती वाजता, आणि त्यानंतर बॅगा ठेवू देतात का? चेक-आउट बहुधा ११ किंवा १२ ला आणि तुमचा बोर्डिंगचा स्लॉट (जहाजावर चढण्यासाठी ठरवून दिलेली वेळ) दुपारी असेल, तर मधले दोन-तीन तास बॅगा रिसेप्शनला राहायला हव्यात.

पॅन कार्ड ओळखपत्र म्हणून हॉटेलात चालत नाही, त्यावर पत्ता नसतो. चौघांची आधार कार्डं घ्या, मुलाचंही. तीच जहाजावर चढतानाही लागतील.

शुक्रवारी सकाळी निघून थेट जहाज? सकाळची वंदे भारत बडोद्याहून सातच्या सुमारास निघून दुपारी बाराच्या आत मुंबई सेंट्रलला पोचवते. कागदावर बसतं. पण गाडी तीन तास लटकली तर हातात काही उरत नाही. क्रूझवाले चेक-इन जहाज सुटण्याच्या बरंच आधी बंद करतात, आणि रेल्वेचं तिकीट वेगळं, क्रूझचं वेगळं, त्यामुळे गाडी उशिरा आली ही त्यांची जबाबदारी नाही. चौघांच्या क्रूझचे पैसे पणाला लावून एका खोलीचं भाडं वाचवण्यात अर्थ नाही. गुरुवारीच निघा.

---

मांडवी_दरवाजा

वरचं सगळं बरोबर. दोन धोके राहिले.

एक म्हणजे नावाचा घोटाळा. मुंबईत ‘क्रूझ टर्मिनल’ नावाच्या दोन जागा आहेत. भाऊच्या धक्क्यावर, माझगावला, ‘डोमेस्टिक क्रूझ टर्मिनल’ आहे. तिथून मांडव्याची रो-रो (गाड्याही नेणारी बोट) सुटते. तुमची क्रूझ देशांतर्गत, म्हणून ‘डोमेस्टिक’ टाकून मॅप लावलात तर टॅक्सी थेट माझगावला नेईल. तुम्हाला जायचंय मुंबई इंटरनॅशनल क्रूझ टर्मिनलला, बॅलार्ड पिअर. टॅक्सीवाल्याला ‘बॅलार्ड पिअर’ म्हणा. नुसतं ‘क्रूझ’ किंवा ‘गोदी’ म्हणू नका, आणि ‘गेटवे’ तर अजिबात नको, तिथून एलिफंटा आणि अलिबागच्या लाँच सुटतात. तिकिटावर गेटचं नाव दिलेलं असतं, तेच अंतिम धरा.

दुसरं म्हणजे गाडी कुठे संपते ते. बडोद्याहून मुंबईला जाणाऱ्या सगळ्या गाड्या मुंबई सेंट्रलला जात नाहीत. बऱ्याच बांद्रा टर्मिनसला थांबतात, काही दादरला. तिकीट काढताना शेवटचं स्टेशन बघा, शंभर रुपये जास्त गेले तरी मुंबई सेंट्रलचीच गाडी घ्या. ते टोकाचं स्टेशन आहे. मेन लाइनचे प्लॅटफॉर्म सरळ हॉलमध्ये उघडतात, पूल चढावा लागत नाही. सासूबाईंसाठी हे महत्त्वाचं. बोरिवलीला उतरून ‘तिथून लोकल घेऊ’ असं कोणी सुचवलं तर ऐकू नका.

सामान कमी असेल तर मेट्रो ३ आहेच. मुंबई सेंट्रलच्या मेट्रो स्टेशनचं नाव जगन्नाथ शंकरशेट, तिथून चौथं स्टेशन सीएसएमटी. पण चार बॅगा आणि गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर टॅक्सीच.

आणि खोली मिळत नसेल तर रेल्वेच्या रिटायरिंग रूमचा पर्याय विसरू नका. आयआरसीटीसीवर बुक होते. त्यासाठी कन्फर्म किंवा आरएसी पीएनआर लागतो, आणि खोली तुमच्या तिकिटावरच्या सुरुवातीच्या किंवा शेवटच्या स्टेशनवरच मिळते. म्हणजे बडोदा–मुंबई सेंट्रल तिकिटावर सीएसएमटीची खोली मिळणार नाही. मुंबई सेंट्रलला पॉड हॉटेलही (एकेकट्यासाठी झोपण्यापुरते छोटे कप्पे) आहे, २०२१ पासून. एकट्या माणसाला ठीक, तुम्हा चौघांना उपयोग नाही.

---

तरसाली_रोड

याच धाग्यात विचारतो, चालेल ना? मुलीकडे अमेरिकेत जातोय, तिने आम्हा दोघांसह तिघांची क्रूझ फोर्ट लॉडरडेलहून काढलीय. ती म्हणते तिथे हॉटेलं शटल देतात, ‘फ्री शटल’ असं लिहिलंय. ते खरंच फुकट असतं का?

---

कमाटीबाग_सकाळ

काका, तिथे शटल असतं, पण ‘फ्री शटल’ म्हणजे जवळजवळ नेहमी विमानतळाचं. बंदराचं वेगळं, आणि ते माणशी पैसे घेऊन. बुकिंग साइटवर दोन्हीला एकच शटलचं चिन्ह असतं, सगळी गडबड तिथेच होते. हॉटेलच्या स्वतःच्या साइटवर बघा, आणि तरी मुलीला हॉटेलला ई-मेल करायला सांगा. फोनवर ‘हो हो’ म्हणतात, लेखी उत्तर हातात असलेलं बरं. त्यात एवढंच विचारायचं: विमानतळ ते हॉटेल शटल रात्री किती वाजेपर्यंत? हॉटेल ते पोर्ट एव्हरग्लेड्स (फोर्ट लॉडरडेलचं बंदर) शटल आहे का, माणशी किती, एकेरी की दोन्ही वेळचं? सकाळी कुठल्या वेळांना निघतं, आणि नाव कधी नोंदवायचं? व्हॅनमध्ये मोठ्या बॅगांना जागा आहे का?

नाव नोंदवणं सगळ्यात महत्त्वाचं. व्हॅनमध्ये मोजक्याच सीटा असतात आणि हॉटेलात त्या रात्री अर्धे लोक क्रूझचेच. चेक-इन करतानाच रिसेप्शनवर वेळ लिहून घ्या. सकाळी नाश्त्यानंतर विचाराल तर दुपारची शेवटची फेरी उरते, आणि ती तुमच्या बोर्डिंग स्लॉटला जुळेलच असं नाही.

शटल घ्यायचं की टॅक्सी, हे माणसांवर ठरतं. शटलचे पैसे माणशी, उबरचे गाडीचे. एकट्याला शटल स्वस्त, दोघांना जवळपास सारखं, तिघांपासून पुढे उबर. आणि फोर्ट लॉडरडेलला विमानतळ आणि बंदर शेजारी-शेजारी आहेत, त्यामुळे गाडीचं भाडं फार होत नाही. तुमच्यासाठी हॉटेल निवडायचं ते डानिया बीचच्या बाजूचं, विमानतळाचं शटल खरंच फुकट देणारं. रात्री विमानतळावरून फुकट, सकाळी बंदरापर्यंत उबर. बंदराच्या शटलसाठी खोलीला जास्त पैसे मोजू नका.

खोलीच्या दरावर तिथे सुमारे १३ टक्के कर लागतो, काही हॉटेलं वर रिसॉर्ट फी लावतात. तुलना करताना शेवटच्या पानावरचा आकडा बघा. क्रेडिट कार्ड मुलीचंच द्या. चेक-इनला हॉटेल काही रक्कम अडवून ठेवतं, आपल्याकडचं डेबिट कार्ड दिलं तर ते पैसे सुटायला कित्येक दिवस जातात.

आणि तिकिटावर बंदराचं नाव वाचा. मायामीचं बंदर आणि पोर्ट एव्हरग्लेड्स यांच्यात ४० किलोमीटरहून जास्त अंतर आहे. एकाच कंपनीची जहाजं दोन्हीकडून सुटतात, आणि ‘मायामी क्रूझ’ असं घरात बोलता बोलता हॉटेल चुकीच्या शहरात काढलं जातं.

तुमचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना, तेही बघून ठेवा. जहाज बहामासला जाऊन परत आलं की ती अमेरिकेत नवी एंट्री.

---

मांडवी_दरवाजा

सिंगापूरहून क्रूझ घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे: तिथेही दोन टर्मिनल आहेत. मरिना बे क्रूझ सेंटरला मरिना साउथ पिअर मेट्रो स्टेशन, हार्बरफ्रंटच्या सिंगापूर क्रूझ सेंटरला हार्बरफ्रंट स्टेशन. शटलचा विचार सोडा. लिटल इंडियाच्या भागात राहा, शाकाहारी जेवण पायाशी. तिथून मेट्रोच्या जांभळ्या लाइनने हार्बरफ्रंटला न बदलता जाता येतं. मरिना बेसाठी पुढच्याच स्टेशनवर, धोबी घाटला, लाल लाइन घ्यायची.

---

सुरसागर_काठ

सगळ्यांचे मनापासून आभार. असं ठरवतेय: गुरुवारी दुपारची वंदे भारत, मुंबई सेंट्रल, फोर्टातलं हॉटेल (लिफ्ट रस्त्यापासून आहे, विचारलं), शुक्रवारी बॅगा रिसेप्शनला ठेवून स्लॉटच्या वेळेला सहा सीटची गाडी. येताना जहाज सकाळी १० ला लागतं, म्हणून दीड-दोनच्या सुमाराची कर्णावती एक्सप्रेस काढते. ठीक आहे ना?

---

न्यायमंदिर_चौक

जाण्याचं उत्तम. येण्याचं बदला. १० ही जहाज धक्क्याला लागण्याची वेळ आहे, तुम्ही बाहेर पडण्याची नाही. मजल्याप्रमाणे गटागटाने सोडतात, मग सामान ओळखून घ्यायचं, मग गेटबाहेर टॅक्सीसाठी शेकडो लोक एकाच वेळी. चार तास मोकळे ठेवा. दुपारी चारच्या सुमारास मुंबई सेंट्रलहून वंदे भारत सुटते, तिचं तिकीट काढा. लवकर सुटलात तर बॅगा स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवून निवांत जेवा. क्लोकरूमला तिकीट दाखवावं लागतं आणि प्रत्येक बॅगेला कुलूप हवं. छोट्या बॅगांनाही. चार कुलपं बडोद्यातूनच घेऊन निघा.

सासूबाईंसाठी टर्मिनलवर व्हीलचेअर हवी असेल तर क्रूझच्या कस्टमर केअरला आत्ताच ई-मेल करून बुकिंग नंबरावर नोंद करून घ्या. शुक्रवारी दारात मागितली तर आधी नोंदवलेल्यांनंतर नंबर लागतो. उतरतानाही हवी, हे त्याच मेलमध्ये वेगळं लिहा, कारण चढण्याची आणि उतरण्याची विनंती ते वेगवेगळी धरतात.